वऱ्हाडचा बाजारदिवस : कापूस विकून घरी काय आणले?

१/
अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक चांदूर बाजार, दुसरे चांदूर रेल्वे. एकाची ओळख बाजारामुळे, दुसऱ्याची आगगाडीमुळे. वऱ्हाडच्या गेल्या दोन शतकांचा आर्थिक इतिहास बव्हंशी या दोन शब्दांत सामावलेला आहे. आगगाडीने वऱ्हाडचा कापूस जगाकडे नेला आणि बाजाराने जगाचा माल वऱ्हाडच्या घरात आणला. या देवाणघेवाणीत शेतकऱ्याच्या गाठोड्यात काय उरले, याचा हा धांडोळा.

२/
सुरुवात कापसाच्या तेजीपूर्वीच्या गावापासून करावी लागते. ज्वारी, तूर, तीळ, अंबाडी शेतात होत असे. नांगर सुतार करी, फाळ लोहार शेवटी, मडकी कुंभार देई, जोडे चांभार शिवी. या कामांचा मोबदला सुगीत खळ्यावरच्या धान्यातून मिळे. तेलासाठी गावातला घाणा होता. या व्यवस्थेत जातीची उतरंड आणि अन्यायही पक्का रुतलेला होता. तिला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट खरी : रोजच्या जगण्यासाठी नगद पैसा फारसा लागत नसे.

३/
मग विकत काय घ्यावे लागे? मीठ, तांब्या-पितळेची भांडी, लोखंड, बांगड्या, मसाल्याचे जिन्नस, लग्नाचे लुगडे आणि सणाचे पागोटे. यासाठी आठवड्याचा बाजार पुरे. पेठ वसवण्यासाठी राज्यकर्ते व्यापाऱ्यांना कौल देत आणि पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या नावात ती पेठ आजही टिकून आहे. अकोटच्या सतरंज्या आणि बाळापूरची पागोटी यांचे नाव वऱ्हाडाबाहेरही होते.

४/
आसपासच्या गावांचे बाजारवार वेगवेगळे असत आणि अजूनही असतात. एका गावाचा सोमवार, दुसऱ्याचा बुधवार, तिसऱ्याचा शुक्रवार. त्यामुळे विक्रेता आठवडाभर फिरता राहतो, तर गिऱ्हाईक आपल्या वारापर्यंत थांबते. बाजारदिवस केवळ खरेदीचा नसे. सोयरिकी तिथे जमत, पावसाची बातमी कळे, बैलांचे दात पाहिले जात, लेकीच्या सासरचा निरोप मिळे. परतताना पोरांसाठी फुटाणे-मुरमुरे किंवा गुळाची शेव पदरात बांधलेली असे.

५/
कापूस तेव्हाही होता. आगगाडीपूर्वी बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर तो लादून उत्तरेस गंगाकाठच्या मिर्झापूरकडे नेत आणि तेथून तो नावांनी बंगालकडे जाई. वाटेत पाऊस लागला की गोण्या भिजत, धूळ बसे, माल हलका होई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईकडे वळवला. कापसाचे तोंड गंगेकडून समुद्राकडे फिरू लागले.

६/
१८५३ साली निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. प्रदेश नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. काळी जमीन, कापसाला मानवणारे हवामान आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक या तिन्हींची गाठ आता पडणार होती. मध्ये अडथळा होता तो वाहतुकीचा.

७/
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. तो शब्द म्हणजे इंग्रजांच्या तोंडी मोडलेली ‘उमरावती’, अर्थात अमरावती. जे गाव लिव्हरपूलच्या दलालाने कधी पाहिले नाही, त्याचे नाव त्याच्या भावपत्रकात रोज छापले जाऊ लागले.

८/
१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले, पण लोहमार्गाचे काम थांबले नाही. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा ओलांडून १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या फाट्याचे आणि तेथील कापूस बाजाराचे उद्घाटन केले. एका आडवळणाच्या पेठेसाठी खुद्द व्हाइसरॉय येतो, यातच त्या कापसाचे मोल दिसते.

९/
आगगाडीपाठोपाठ जीन आले. सरकी वेगळी करण्याचे कारखाने आणि गाठी बांधण्याचे दाबखाने रुळांच्या कडेला उभे राहिले. पूर्वी हे काम बायका घरोघरी हातरेच्यावर करीत. कापूस पिंजणे, सूत कातणे ही कामेही त्याच साखळीत होती. वऱ्हाड-नागपूर भागात महार समाजातील अनेक कुटुंबे सूत कातून जाडेभरडे पण टिकाऊ कापड विणत आणि आठवडी बाजारात विकत. गिरणीच्या स्वस्त कापडाने त्यांच्या मागाखालची जमीनच काढून घेतली.

१०/
इथे बाजाराचे स्वरूप उलटले. शेतातून निघालेला कापूस समुद्रापार जाई आणि धोतरजोडी होऊन त्याच बाजारात विक्रीला येई. दरम्यानची हुंडेकरी, विमा, जहाजभाडे, गिरणीचा नफा आणि दलाली शेवटच्या गिऱ्हाइकाच्या किमतीत मिसळलेली असे. हे शेवटचे गिऱ्हाईक पुष्कळदा कापूस पिकवणाराच होता. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती याच हिशेबातून : कापूस जिथे पिकतो तिथेच कापड विणले तर मधला प्रवास वाचतो.

११/
आता कापूस विकण्याचा दिवस पाहू. शेतकरी रात्रीच बंडी जुंपून निघे आणि पहाटे पेठेत पोहोचे. बैल सोडून, बंडीखाली पाठ टेकून तो अडत्याची वाट पाही. देशातील अनेक बाजारांत तेव्हा सौदा रुमालाखाली होत असे. खरेदीदार आणि अडत्या कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबत आणि त्या खुणांतून भाव ठरे. ज्याचा माल, तो शेजारीच उभा असे. त्याला फक्त रुमाल दिसे.

१२/
भाव ठरला तरी रक्कम ठरत नसे. अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी एकेक वजावट सुरू होई. कडता म्हणजे कचरा-ओलाव्याच्या नावाने वजनातून केलेली कपात. धर्मादाय म्हणजे व्यापाऱ्याच्या नावे होणारा, शेतकऱ्याच्या पैशातला दानधर्म. काटा व्यापाऱ्याचा, वजने व्यापाऱ्याची, लिहिणारा गुमास्ता व्यापाऱ्याचा. बंडी परत चालवत नेणे परवडणारे नसल्याने ‘नको’ म्हणण्याचा पर्याय फक्त कागदोपत्री होता.

१३/
या गोंधळाला आळा घालण्याचा देशातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला, हे फारसे सांगितले जात नाही. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. हे कारंजा (लाड) आज वाशीम जिल्ह्यात आहे. पुढे १८९७ मध्ये ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट’ कायदा आला. ठरलेली जागा, तपासलेली वजने, परवानाधारक दलाल आणि देखरेखीसाठी समिती, ही आजच्या बाजार समितीची मूळ रेषा तिथे आखली गेली.

१४/
मात्र हा कायदा प्रामुख्याने शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आलेला नव्हता. मँचेस्टरला भेसळमुक्त कापूस वाजवी दरात आणि नियमित मिळावा, ही त्यामागची मोठी निकड होती. समित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिला. उत्पादकाचा प्रतिनिधी तिथे बसलाच पाहिजे, अशी तरतूद त्यात नव्हती. वजन खरे झाले, हा लाभ लहान नव्हे. पण खऱ्या वजनाला कोणता भाव द्यायचा, हे ठरवणाऱ्या खोलीत शेतकरी अजूनही पोहोचला नव्हता.

१५/
बाजारात आणखी एक विक्री चाले, तिची नोंद क्वचितच होते. कापूस वेचणाऱ्या बायकांना मजुरी बऱ्याचदा वेचलेल्या कापसातूनच मिळे. ओटीतला तो कापूस त्या किरकोळ व्यापाऱ्याकडे नेत आणि त्यातून मीठ-मिरची-तेल घेत. मोठ्या बंडीचा सौदा निदान पेठेच्या नियमात तरी होता. ओटीतल्या कापसाला कसला काटा आणि कसली समिती? घर चालवणारी खरेदी मात्र पुष्कळदा या ओटीवरच भागत असे.

१६/
नगद पैसा सुगीतच येणार आणि गरज बारमाही, म्हणून उधारी आली. वाण्याच्या वहीत मीठ, कापड आणि बियाणे एकाच खात्यावर चढे. उभ्या पिकावर उचल घेतली की कापूस त्यालाच, त्याच्याच भावाने घालावा लागे. फेड झाली नाही की खाते सावकाराकडे आणि सावकाराकडून न्यायालयात. इंग्रजी अमलात जमीन गहाण टाकणे आणि लिलावात काढणे कायद्याने सोपे झाले होते. बाजारातून आणलेले लुगडे कधी शेताच्या किमतीला पडे.

१७/
१८९६-९७ आणि त्याहून भीषण असा १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी या व्यवस्थेचा कस काढला. ज्वारीखालची बरीच जमीन कापसाकडे गेली होती. घरच्या कणगीत धान्य नसले की ते विकत घ्यावे लागणार आणि कापूसच बुडाला तर कशाने घेणार? आगगाडी धान्य आणू शकत होती, हे खरे. पण ती धान्य उतरवी तिथे, जिथे भाव देणारा उभा असे. पेवात ज्वारी ठेवणाऱ्या प्रदेशात माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली.

१८/
याच काळात मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामाकडे एक मुलगा वाढत होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, नाव डेबू. सावकाराने मामाची जमीन कशी गिळली, हे त्याने जवळून पाहिले. १९०५ साली त्याने घर सोडले आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि मडक्याचे खापर घेऊन गावोगाव झाडू लागला. महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखतो.

१९/
गाडगेबाबांच्या कीर्तनांकडे या बाजाराच्या अंगाने पाहिले तर त्यांचा आशय अधिक ठसतो. कर्ज काढून सण करू नका, ऋण काढून लग्नाच्या पंगती उठवू नका, देवाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला. हे वैराग्याचे प्रवचन नव्हते. भाव आपल्या हातात नाही, वजन आपल्या हातात नाही, पण काय विकत घ्यायचे आणि काय नाही हे आपल्या हातात आहे, हा त्यातला व्यवहारी हिशेब होता. यात्रेच्या गर्दीत, म्हणजे खर्चाच्या ऐन जागी, ते तो मांडत.

२०/
तरी काही गोष्टी न घेऊन चालत नाही. मीठ ही त्यातली पहिली. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथे विहिरीचे पाणीच खारे लागते. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरात अशा विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जाई. इंग्रजी अमलात ते बंद पडले. पायाखाली खारे पाणी असूनही वऱ्हाडी माणूस कर भरलेले मीठ बाजारातून आणू लागला.

२१/
म्हणूनच १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलल्यावर वऱ्हाडला समुद्राची उणीव भासली नाही. सत्याग्रही दहीहंड्याला गेले, खाऱ्या विहिरीचे पाणी काढले, कढईत आटवले आणि कायदा मोडला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर मिठाचा सत्याग्रह कसा झाला, याचे आज नवल वाटते. त्या काळच्या वऱ्हाडी गृहिणीला वाटले नसते. बाजाराच्या गाठोड्यात दर वेळी असणारा तो एकमेव जिन्नस होता.

२२/
उत्तरेला, सातपुड्याच्या मेळघाटात, बाजाराचे दुसरे रूप दिसते. कोरकू समाजाची भाषा मराठीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली. धारणी, चुर्णी, हरिसालच्या बाजारांत मोहफुले, चारोळी, मध, डिंक यायचा आणि मीठ, तेल, गूळ, कापड डोंगरात जायचे. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, त्यामुळे होळीआधीचा बाजार वर्षातला सर्वांत मोठा. चारोळीचे मोल शहरात किती, हे विकणाऱ्याला ठाऊक नसे. माप धरणाऱ्याला पक्के ठाऊक असे.

२३/
मेळघाटच्या गाठोड्यात बाहेरच्या वस्तू दीर्घकाळ थोड्याच राहिल्या. पण जंगल राखीव होत गेले, तसे जे फुकट मिळत होते तेही परवानगीचे झाले. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ वाचणे आवश्यकच होते. परंतु ज्याच्या हाती जंगलातून आणण्यासारखे कमी उरते, त्याला बाजारातून आणण्यासारखे वाढते. कापसाच्या पठारावर जे जीनांनी घडवले, ते डोंगरात वेगळ्या वाटेने आले.

२४/
कायद्याने काही वाटा खुल्या केल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ चा कर्ज लवाद कायदा आला. शेतकऱ्यांवरील कर्जाचा बोजा तडजोडीने हलका करण्याच्या या प्रयत्नाशी पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव जोडलेले आहे. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची व्यवस्था राज्यभर एकसूत्री झाली आणि त्यांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसले. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्यच गिऱ्हाईक झाले. तिचे गुण-दोष पुष्कळ, पण चुकारा उशिरा मिळाला तरी भाव आधी ठाऊक असे.

२५/
ती योजना ओसरली त्याच सुमारास, २००२ मध्ये, बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. बोंडअळीपासून आरंभी दिलासा मिळाला आणि लागवड वेगाने पसरली. पण संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरून तसेच पीक येत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा शेतकरी मीठ विकत घेई, पण बी घरचे पेरी. आजच्या बाजारयादीत बियाण्याचे पाकीट, खत, कीटकनाशक वरच्या ओळीत आहेत आणि ती खरेदी मृगाच्या तोंडावर, बहुधा उधारीवर होते.

२६/
वऱ्हाडच्या शेतकरी आत्महत्यांची कारणे अनेक आहेत आणि ती एका ओळीत मांडणे अन्यायाचे ठरेल. तरी बाजाराच्या इतिहासातून एक धागा स्पष्ट हाती लागतो. प्रत्येक टप्प्यावर विकण्याच्या वस्तू कमी होत एकवटल्या आणि विकत घेण्याच्या वस्तू वाढत गेल्या. एकाच पिकावर बारा महिन्यांची खरेदी अवलंबून राहिली. कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरे, तो आज इतर देशांतल्या वायदेबाजारांकडे पाहून ठरतो. बियाण्याची किंमतही गावात ठरत नाही.

२७/
चांदूर बाजार, अकोट, अंजनगाव, मूर्तिजापूर येथे आजही बाजार भरतो. आता प्लास्टिकच्या घागरी आहेत, तयार कपडे आहेत, मोबाइलची कव्हरे आहेत आणि त्यांच्या शेजारी कुंभाराचे माठ, बुरुडाची सुपेही आहेत. बाजार समितीच्या आवारात लिलाव आता मोठ्याने पुकारून होतो. रुमाल गेला, हे कारंज्याला सुरू झालेल्या वाटचालीचे फळ. बोली सर्वांना ऐकू येते. ती कुठून सुरू व्हावी, हे सांगण्याचा अधिकार मात्र बंडी घेऊन आलेल्या माणसाला अजून मिळालेला नाही.